घारापुरीची पूर्वेकडील टेकडी

गेल्या वर्षावासात सोनाळ्याच्या विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपल्यावर प्रस्तुत लेखकाला अपरान्तातील बौद्ध स्थळांविषयी चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले. सोपारा, कान्हेरी अशी नावे घेत विवेचन घारापुरीपर्यंत आले, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध आजींनी मध्येच विचारले, "सर, तिथं त महादेवाचंच हाय ना सारं? आम्ही पायलं." महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीवर अभिवादन करून झाल्यानंतर त्या नातवंडांबरोबर लाँचमधून बेटावर जाऊन आल्या होत्या. त्यांनी जे पाहिले ते खरे होते, आणि जे पाहिले नाही तेही तितकेच खरे आहे. या दोहोंमधील अंतर किती, ते का पडले, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण त्याची विचारपूस का करावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

घारापुरी हे मुंबई बंदराच्या पाण्यातील एक लहान बेट होय. अपोलो बंदरापासून, म्हणजे गेटवे ऑफ इंडियापासून, ते सुमारे दहा किलोमीटर अंतरावर आहे. लाँचला तासाभराचा अवधी लागतो. मुंबईतून तेथे जातात म्हणून पुष्कळांना ते मुंबईचाच भाग वाटते. परंतु शासकीय दृष्ट्या ते रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात मोडते. ज्या जिल्ह्यात महाडचे चवदार तळे आहे, त्याच जिल्ह्यात हे बेट आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांच्या सहज ध्यानात राहील. बेटाची लांबी अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर. मधोमध एक घळ, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन टेकड्या. पश्चिमेकडील टेकडीत ती जगप्रसिद्ध शैव लेणी आहेत आणि तिच्या माथ्यावर ब्रिटिश अमदानीतील तोफा पडून आहेत. पूर्वेकडील टेकडीला अभ्यासक 'स्तूपाची टेकडी' म्हणतात. प्रवाशांचा ओघ धक्क्यावरून निघतो, दुकानांच्या रांगांमधून पायऱ्या चढतो, मोठ्या लेण्यात शिरतो आणि आल्या वाटेने परततो. पूर्वेकडील टेकडी त्या वाटेवर नाही. आजींचे नेमके तेच झाले होते.

बेटाचा जो इतिहास सामान्यतः सांगितला जातो तो असा. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास मोठे लेणे खोदले गेले. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडल्याने या लेण्याचा संबंध त्याच्या काळाशी जोडण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल आहे. कोकणच्या मौर्यांची 'पुरी' नावाची राजधानी होती, आणि चालुक्य नृपती दुसऱ्या पुलकेशीने तिच्यावर नौकादळ घेऊन स्वारी केली, असे रविकीर्तीने रचलेल्या ऐहोळेच्या शिलालेखात (शके ५५६, इ. स. ६३४) नमूद आहे. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही विद्वान मानतात. दुसरे काही राजपुरीकडे बोट दाखवितात. पुढे १५३४ साली पोर्तुगीजांचा अंमल आला. धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. लेण्यातील एक शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालला धाडला, असे त्यांचाच बखरकार दियोगु दु कोतु लिहितो. तो लेख नंतर हरवला. लेणे कोणी खोदविले हे सांगू शकणारा बहुधा तो एकच साक्षीदार होता! दगडी हत्तीची मान १८१४ साली ढासळली. त्याचे अवशेष १८६४ मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत नेण्यात आले, आणि १९१४ मध्ये जोडून उभा केलेला तो हत्ती आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बेट मराठ्यांकडून १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेले. १९८७ साली युनेस्कोने लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

या इतिहासात दोन गोष्टी नाहीत. सहाव्या शतकापूर्वीचे बेट त्यात नाही, आणि बेटावर राहणारी माणसे त्यात नाहीत. एका लेण्याचा इतिहास बेटाचा इतिहास म्हणून प्रचारात आला आहे.

आता पूर्वेकडील टेकडी पाहू. तिच्या माथ्यावर विटांचा एक ढिगारा आहे. तो बौद्ध स्तूपाचा अवशेष आहे हे शंभराहून अधिक वर्षांपासून अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि युनेस्कोच्या नोंदीतही टेकडीचे नाव या विटांच्या बौद्ध वास्तूवरूनच पडले असल्याचे म्हटले आहे. बेटावरील वस्तीच्या खुणा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातात, हेही त्याच नोंदीत आहे. म्हणजे महेशमूर्तीच्या आधी सुमारे सातशे वर्षे. टेकडीच्या उतारावर दोन लेणी आहेत. त्यांतील एकाचे काम खडक सदोष निघाल्यामुळे अर्ध्यावर सोडले गेले असावे. दुसऱ्याला गावकरी 'सीताबाईचे देऊळ' म्हणतात. पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या काळात त्यात ख्रिस्ती प्रार्थनामंदिर थाटले गेले होते. एका उतारावर बुद्ध, सीता आणि ख्रिस्त यांची अशी पाळी लागलेली पाहून ज्याला नवल वाटेल त्याने कोकणातील इतर लेणी पाहिलेली नाहीत. खडकात आयती खोली मिळाली की पुढचा उपासक तेथे आपला दिवा लावतो. सोडून दिलेल्या वास्तूचे तसे होतेच. त्यातून प्रत्येक वेळी बळजबरीचा अर्थ काढता येत नाही.

या लेण्यांच्या पलीकडे, आता कोरड्या पडलेल्या एका तळ्याच्या काठी, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माझ्या मते स्तूपाखालोखाल या टाक्यांनाच अधिक महत्त्व द्यावयास हवे. स्तूप एखादा धनिक सार्थवाह बांधून निघूनही जाईल. टाके मात्र राहण्यासाठीच खोदतात. भिक्षूंना वर्षावासाचे तीन मास एका जागी काढावे लागत आणि उरलेले आठ-नऊ महिने कोकणात पाऊस नसतो. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर गोड्या पाण्याचा साठा हीच पहिली गरज. पश्चिम भारतातील लेण्यांच्या प्राकृत दानलेखांत 'पोढी' हा शब्द वारंवार येतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. कान्हेरीला, जुन्नरला, कुड्याला लेण्यांबरोबर पोढीचेही दान दिल्याचे लेख आहेत. पाण्याचे दान हे लेण्याच्या दानाइतकेच मोलाचे मानले जात होते. घारापुरीच्या टाक्यांवर असे दान सांगणारा लेख नाही, तरी टाकी खोदणाऱ्यांची गरज तीच होती, हे सांगावयास लेख लागत नाही.

टेकडीच्या पायथ्याशी मोराबंदर ही वस्ती आहे. येथील किनाऱ्यावर आणि उथळ पाण्यात पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या पाहणीत विटांच्या बांधकामाचे अवशेष, क्षत्रपांची नाणी आणि भूमध्य सागराकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. रोमन व्यापारातील हे कुंभ द्राक्षमद्य, ऑलिव्हचे तेल इत्यादी माल वाहून नेण्यासाठी वापरीत. म्हणजे स्तूपाच्या पायाशी एक नांगरण्याची जागा होती, जहाजे लागत होती, माल उतरत होता. स्तूप टेकडीच्या माथ्यावर का, याचे उत्तर येथे मिळते. समुद्रावरून येणाऱ्याला तो लांबून दिसावा आणि बंदरातील उपासकाला तो आपल्या डोक्यावर असल्याचा विश्वास वाटावा, अशी ती जागा आहे. हा माझा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच वाचावा.

पाली तिपिटकात घारापुरीचे नाव येत नाही. ज्या किनाऱ्यावर ती आहे त्याचा उल्लेख मात्र ठळकपणे येतो. मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात (क्र. १४५) स्थविर पुण्ण सुनापरान्ताला जाण्याची अनुज्ञा मागतात. तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिव्या दिल्या, मारहाण केली, प्राण घेतला, तर काय करशील, असे तथागत क्रमाक्रमाने विचारतात आणि पुण्ण प्रत्येक पायरीवर शांत उत्तर देतात. अट्ठकथेप्रमाणे पुण्ण हे सुप्पारकचे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचे व्यापारी होते. उदानातील बाहिय दारुचीरियही सुप्पारकच्या समुद्रतीरावर राहत होता. ४६३ व्या जातकात बोधिसत्त्व हा भरुकच्छचा अंध नौकाचालक आहे. त्याचे नावच सुप्पारक. आणि महावंसाच्या बाराव्या परिच्छेदात तिसऱ्या संगीतीनंतर निरनिराळ्या प्रदेशांत पाठविलेल्या स्थविरांची नावे येतात. त्यांत अपरान्तकाला गेलेले धम्मरक्खित हे 'योन', म्हणजे यवनवंशीय होते. किनाऱ्यावरील धम्माचा पहिला उपदेशक परदेशी वंशाचा असावा, हे बंदरांच्या प्रदेशाला शोभणारेच आहे.

हे वाङ्मय नुसते श्रद्धेचे नाही, त्याला मातीचा पुरावा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा 'बुरूड राजाचा कोट' नावाचा ढिगारा उकरला. तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, यज्ञश्री सातकर्णीचे रुप्याचे नाणे आणि आठ लहान धातुमूर्ती मिळाल्या. सात पूर्वबुद्ध, शाक्यमुनींसह, आणि आठवा मैत्रेय. मूर्ती स्तूपाहून कित्येक शतकांनी अर्वाचीन आहेत. तेव्हा मागाहून कोणीतरी स्तूप श्रद्धेने उघडून पुन्हा बंद केला असला पाहिजे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात त्याच वर्षी मिळाला, आणि नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी कोकणच्या वाळूतून अशोकाचा दगड वर आला, हा योगायोगच. पण तो टिपून ठेवावासा वाटतो.

सोपारा, साष्टी, घारापुरी ही सर्व खाड्यांनी वेढलेली भूमी आहे. साष्टी बेटावरील कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत, आणि तेथील दात्यांमध्ये सोपारा, कल्याण व चेमुल (चौल) येथील लोक आहेत. कल्याणला, चौलला आणि सोपाऱ्याला जाणारी जहाजे ज्या पाण्यातून ये-जा करीत, त्याच्याच कुशीत घारापुरी आहे. म्हणून तिच्या माथ्यावरील स्तूप एकटा नाही. किनाऱ्यावरील विहारांच्या साखळीतील तो एक दुवा आहे. त्याला एकटा पाहिले की तो विटांचा ढीग दिसतो.

येथे आपल्याच चळवळीतील काही उत्साही मित्रांशी मतभेद नोंदविणे मला भाग आहे. घारापुरीचे मोठे लेणे मुळात बौद्ध होते, महेशमूर्ती ही रूपांतरित बुद्धमूर्तीच आहे, असे भाषणांतून सांगितले जाते, टाळ्याही मिळतात. याला आधार नाही. त्या लेण्याचा आराखडा, चारी दिशांना दारे असलेला लिंगगाभारा, रावणानुग्रह, अंधकासुरवध, शिवपार्वतीविवाह, अर्धनारीश्वर इत्यादी शिल्पपट हे सारे आरंभापासून शैव कल्पनेने योजिलेले आहे. ते शिल्प थोर आहे, आणि ते थोर आहे असे म्हणण्याने धम्माची काही हानी होत नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हरवलेले दुवे जोडताना इतिहासकाराला कल्पनेचा आधार घेता येतो असे म्हटले आहे, परंतु त्यातून निघते ते गृहीतक, हेही तेथेच स्पष्ट केले आहे. गृहीतक आणि सिद्ध वस्तुस्थिती यांची सरमिसळ त्यांनी कधी केली नाही. आपण करू लागलो तर जे निःसंशय आपले आहे त्यावरील आपला शब्दही लोक मानीनासे होतील. पश्चिमेकडील टेकडीवर खोटा हक्क सांगण्याच्या नादात पूर्वेकडील टेकडीवरचा खरा हक्क सांगावयाचा राहून गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट बाजूचा एक समज आहे, तोही तपासला पाहिजे. शैव लेणे खोदले गेले आणि किनाऱ्यावरून बौद्ध धम्म नाहीसा झाला, असे पाठ्यपुस्तकी ढंगाने सांगतात. परंतु कान्हेरीचा पुरावा निराळे सांगतो. तेथे मिळालेला त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षाचा ताम्रपट, म्हणजे पाचव्या शतकाच्या अगदी अखेरचा, नव्या चैत्याची उभारणी नोंदवितो. घारापुरीचे मोठे लेणे खोदले जात असता साष्टीच्या डोंगरात भिक्षुसंघ नांदत होता. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातही, कान्हेरीच्या संघाला दाने मिळाल्याचे शिलालेख आहेत. घारापुरीवर काय घडले असेल? बंदराचा प्रवाह बदलला, व्यापार ओसरला, दाता नाही म्हणून भिक्षू उठून गेले, अशी साधी कारणे संभवतात. धर्मयुद्धाची कल्पना करण्याआधी बंदराचा हिशोब पाहावा.

आता बेटावरील माणसांकडे वळू. बेटावर तीन वस्त्या आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. लोकसंख्या अवघी हजार-बाराशे. भातशेती, मासेमारी, होड्यांची डागडुजी, आणि आता मुख्यतः प्रवाशांवर चालणारी दुकाने व खाणावळी, ही उपजीविका. तिन्ही नावांत 'बंदर' आहे, हे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेते. बंदर हा शब्द फारसी. सातवाहनकाळी तो येथे असणे शक्य नाही. पालीत बंदराला 'पट्टन' म्हणतात आणि होडी लागण्याच्या उताराला 'तित्थ'. शब्द गेले, राज्ये गेली, परंतु वस्तीची ओळख तीच उरली. होडी जेथे लागते ते गाव. लेण्यावरून एकाही वस्तीचे नाव पडलेले नाही! बेटावरील लोकांच्या दृष्टीने बेटाचा इतिहास कोठून सुरू होतो, हे त्यांनी या तीन नावांत सांगून ठेवले आहे.

या लोकांची कहाणी सुखाची नाही. समोर मुंबईचे दिवे, मागे १९८९ पासून चालू झालेल्या न्हावा शेवा बंदराचे झगझगीत दिवे, आणि मध्ये हे बेट अंधारात. रात्रीचे काही तास जनित्र चाले, तेवढाच उजेड. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून २०१८ च्या फेब्रुवारीत तेथे वीज पोचली. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तर वर्षे होऊन गेली होती आणि जागतिक वारसा झाल्यालाही तीस वर्षे. वारसा दगडांचा घोषित झाला. माणसांचा व्हावयाचा राहिला. पावसाळ्यात दर्या खवळला की जाणे-येणे अडते. गोड्या पाण्याची चिंता टाकी खोदणाऱ्या भिक्षूंना होती तशी आजच्या गृहिणीलाही आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या भागातून चैत्यभूमीला गेलेली मंडळी त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच पाण्यावरून जाऊन आली होती. ही बातमी वाचली तेव्हा अंध सुप्पारकाची जातककथा मला निराळ्या अर्थाने आठवली. समुद्र ओलांडणे ही गोष्ट अजूनही हातखंडा झालेली नाही.

वीज आल्याच्या निमित्ताने एका पाली शब्दाचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. महापरिनिब्बानसुत्तातील 'अत्तदीप' हे पद आपल्याला तोंडपाठ आहे, आणि त्याचा अर्थ आपण 'स्वयंप्रकाशी' असा करतो. पालीत 'दीप' शब्दाचे दोन अर्थ होतात. संस्कृत दीप म्हणजे दिवा, आणि संस्कृत द्वीप म्हणजे बेट. दोन्हींचे पाली रूप एकच. आचार्य बुद्धघोष अट्ठकथेत बेट हाच अर्थ घेतात. महासागरातील बेटाप्रमाणे स्वतःला आधार करून राहावे, असा त्यांचा आशय. सर्वास्तिवादी परंपरेच्या संस्कृत पाठातही 'आत्मद्वीप' आहे. दिवा हा अर्थ चुकीचा ठरवून टाकावा असे मी म्हणत नाही. तो आपल्या चळवळीत रुजला आहे आणि त्याने अनेकांना वाट दाखविली आहे. परंतु पुरात सापडलेल्याला आधी काय हवे, दिवा की पाय टेकण्यापुरती जमीन, असा विचार केला म्हणजे बुद्धघोषांचा अर्थ किती जवळचा आहे ते कळते. घारापुरीच्या लोकांना अठराव्या वर्षापर्यंत या शतकात द्वीप होते, दीप नव्हता.

पुराचा विषय निघालाच आहे, तर आता सोनाळ्याकडे परत येतो. त्या संध्याकाळी सभेतील एका तरुणाने सरळच विचारले की समुद्रातल्या बेटाशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्याच संग्रामपूर तालुक्यात आहे. पूर्णा नदीच्या काठी भोन हे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे काही हंगाम उत्खनन केले. विटांचा स्तूप मिळाला. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी मोठ्या संख्येने मिळाल्या. मौर्य व सातवाहन काळातील एक भरभराटीची वसाहत उजेडात आली. घारापुरीच्या टेकडीवर ज्या काळात वस्ती होत होती, साधारण त्याच काळात पूर्णेच्या काठावर विटा रचल्या जात होत्या. समुद्रकिनाऱ्यावरील बंदरे आणि वऱ्हाडातील नदीकाठची गावे यांमध्ये घाट, पेठा व सार्थवाहांचे मार्ग होते. दोन्ही ठिकाणी आधी वस्तीला पाणी लागले, आणि वस्तीपाठोपाठ स्तूप आला.

फरक एवढाच की, घारापुरीचा स्तूप पाण्याने वेढलेला असूनही कोरडा आहे, आणि भोनचा स्तूप जिगाव सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येतो. धरणाला विरोध करावा असे कोणी म्हणणार नाही. आपला तालुका खारपाणपट्ट्यालगतचा, शेतकऱ्याला पाण्याची किंमत ठाऊक आहे. परंतु बुडण्याआधी काय काय उचलता येते, काय मोजता येते, कशाची प्रतिकृती करता येते आणि मिळालेल्या वस्तू जिल्ह्यात ठेवता येतील की नाही, हे प्रश्न विचारावयास धरणाचा विरोधक व्हावे लागत नाही. पंडित भगवानलालांच्या उत्खननामुळे सोपाऱ्याचा करंडक आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. सोपाऱ्याच्या मुलाला तो पाहावयाचा तर मुंबईस जावे लागते. भोनच्या बाबतीत तरी संग्रामपूरच्या मुलाला तालुक्यातच काही पाहावयास मिळावे, ही मागणी फार मोठी नाही.

घारापुरीला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी काही सूचना. लेणी सोमवारी बंद असतात. त्या दिवशी सहा डिसेंबर येत असेल तर बेत आदल्या अथवा दुसऱ्या दिवसाचा करावा. मोठे लेणे अवश्य पाहावे, घाईने नव्हे. त्यानंतर स्थानिक माणसाला बरोबर घेऊन पूर्वेकडील टेकडीची वाट विचारावी. पाणी जवळ ठेवावे, वयस्कांनी उन्हाची वेळ टाळावी. स्तूपावर चढू नये, विटा हलवू नयेत, आणि श्रद्धेने का होईना, विटेचा तुकडा घरी आणू नये. मेणबत्त्या व अगरबत्त्या तेथे लावू नयेत. वंदना पायथ्याशी उभे राहून म्हणता येते. मोराबंदरला कोणी वयस्क भेटले तर टेकडीला ते काय म्हणतात, सीताबाईची कथा कशी सांगतात, टाक्यांतील पाणी त्यांच्या लहानपणी वापरात होते काय, हे विचारून लिहून आणावे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी हिंडून, गावकऱ्यांशी बोलून इतिहास मिळविला. त्यासाठी पदवी लागत नाही, वही लागते.

आणि भोन, सोनाळा, संग्रामपूर परिसरातील ज्यांच्या शेतात नांगराला मातीची कडी, मोठ्या आकाराच्या जुन्या विटा अथवा नाणी लागली असतील, त्यांनी ती जागेवरून न हलविता प्रथम तहसील कार्यालयास आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. शेताचा गट क्रमांक, किती खोलीवर वस्तू मिळाली आणि जवळ नाला वा ओढा आहे काय, एवढी टिपणे केली तरी पुरे. विहारातील त्या आजी पुढच्या वेळी पूर्वेकडील टेकडीवर जाणार म्हणतात. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी नातवाला आतापासून सांगून ठेवले आहे.